अण्णांच्या पायाला सोसेल असा एक्सल

जुन्या जीपला नव्या पिकअपचा मागचा एक्सल बसत नाही, असं मला तिघांनी सांगितलं. तिघंही मेकॅनिक, तिघंही माझ्यापेक्षा वयानं मोठे. मी तिघांनाही चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी एक्सल घेऊन आलो. बीडच्या बाहेर रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. तीस वर्षं मी हेच करत आलोय, जे बसत नाही ते बसवायचं. मला माझ्या हाताचा गर्व आहे. असू द्या. ज्याच्या हातात काही नाही त्यानं नम्र राहावं.

जीप माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज अजून चाळिशीतला. या जीपमधून त्यांनी नवरदेव नेले, बाळंतिणी नेल्या, एकाच निवडणुकीत दोन्ही पॅनेलची माणसं नेली आणि दोघांनाही तुम्हीच येणार म्हणून सांगितलं. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कोणी कड्याच्या साखर कारखान्याकडं, कोणी पार कर्नाटकात. मागं राहतात म्हातारीकोतारी, शाळेची पोरं आणि अण्णांची जीप. बँकेत अंगठा द्यायचा असो, दवाखाना असो की नारायणगडाचं दर्शन, सगळी म्हातारी जीपमध्ये बसणार आणि अण्णा चालवणार.

अशाच एका सकाळी शेताच्या रस्त्यावर मागून कडाड आवाज आला आणि जीप जागच्या जागी बसली. ट्रॅक्टरनं ओढत गॅरेजवर आणली. मागच्या चाकांना फिरवणारं डिफरन्शियल खोललं तर तेलात क्राऊनचे, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चाकाचे, तीन दात पडलेले. झिजलेला दात आणि मोडलेला दात यातला फरक मला अंधारातही बोटानं कळतो. हे दात मोडलेले होते. क्लचवरचा पाय हळू सुटायच्या ऐवजी एकदम सुटला की असे दात मोडतात. अण्णांचा डावा पाय गेल्या वर्षापासून थोडा फरफटत होता, ते मी बघितलं होतं.

अण्णा शेजारीच उभे होते. माझ्या तळहातावरचे दात बघून म्हणाले, "लोखंड जुनं झालंतं."

"व्हय," मी म्हणालो, "जुनंच झालंतं."

गिऱ्हाईक कितीही मोठं असू दे, "गाडी नीट चालवा, उगं माझा धंदा वाढवू नका" असं तोंडावर सांगणारा माणूस मी. वडिलांशी मात्र धडधडीत खोटं बोललो. जुन्या मापाचा क्राऊन शोधून बसवला असता तर तो महिनाभरात पुन्हा मोडला असता. म्हणून मी ठरवलं, अण्णांच्या पायाला सोसेल असा एक्सलच घालायचा. आणखी एक मार्ग होता. त्यांच्याकडं गाडीची किल्ली मागायची. तो विचार मी मनात येऊच दिला नाही. अण्णांची गाडी बंद होणं म्हणजे अण्णा घरात खाटेवर बसणं, आणि ते मला बघवलं नसतं.

परळीच्या रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडं पुढून चेचलेल्या पिकअपचा मागचा एक्सल मिळाला. दणकट. त्यातला क्राऊन ताटाएवढा. एक्सल जुन्यापेक्षा चार बोटं रुंद होता, चाकं थोडी बाहेर आली, येऊ देत. एक्सल ज्यावर टेकतो त्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जागा जुळेनात, म्हणून त्याच्या बैठका कापून नव्या जागी वेल्ड केल्या. इंजिनाकडून येणारा शाफ्ट लेथवर नेऊन आखूड केला. ब्रेकच्या नळ्या नव्या वाकवल्या. आठव्या दिवशी जीप चाकांवर उभी राहिली आणि मी त्या तिघा मेकॅनिकांना पुन्हा चहाला बोलावलं.

पण चाळीसच्या वर वेग गेला की जीपच्या पोटातून घरघर यायला लागली. पायाखाली कोणीतरी डाळ भरडतंय असं वाटायचं. शाफ्टचे जॉइंट बदलले. शाफ्ट परत लेथवर नेला. घरघर तशीच. दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसलो. एका गिऱ्हाइकाला तर त्याच्या बैलगाडीनं जा म्हणालो. तिघं मेकॅनिक फक्त चहा सावकाश पीत बसले. मला ते जास्त लागलं.

बाकड्यावर बसलेल्या अण्णांनी विचारलं, "बैठका लावल्या तवा जीप घोडीवर उचललेली हुती न्हवं?"

"मग?"

"चाकं लोंबत हुती. आन् आत कुणीच न्हवतं."

"आता आत काय वऱ्हाड बसवायचं होतं?"

"बसवायचंच हुतं. ही जीप रिकामी कधी चालली हाय का?"

मी पाना खाली ठेवला. गाडीवर वजन आलं की पाटे दबतात आणि एक्सलचं नाक, म्हणजे शाफ्ट जिथं जोडतात ते टोक, वर उचललं जातं. ते नाक आणि शाफ्ट यांचा मेळ वजन असतानाच बघायचा असतो. नवशिक्यालाही माहीत असलेली गोष्ट मी घमेंडीत विसरलो होतो. अण्णांनी इतकी वर्षं स्टेअरिंगवर बसून जे ओळखलं होतं ते मला गाडीखाली झोपून कळलं नव्हतं. मला लाज वाटली आणि आनंदही झाला.

दुसऱ्या दिवशी बैठका कापून सैल केल्या, जीप चाकांवर उभी केली. अण्णा गावातून वजन घेऊन आले. चार म्हातारे, दोन म्हाताऱ्या. रिक्षातून उतरून सगळे जीपकडं निघाले आणि जो तो आपापल्या नेहमीच्या जागेवर बसायला लागला.

"सरक बे, माजी जागा हाय ती."

"तुजं नाव लिवलंय का तिथं?"

एका म्हातारीनं खाली वाकून मला विचारलं, "लेकरा, आमी नुसतं बसायचं, का काई करायचं बी हाय?"

"नुसतं बसायचं, मावशी. हलायचं न्हाई."

त्यांनी भजी खाल्ली, पण हलली नाहीत. मी खाली झोपून एक्सलचं नाक जुळवलं, खडूनं खुणा केल्या, सगळ्यांना उतरवलं आणि मगच वेल्डिंग लावलं. संध्याकाळी साठच्या वेगानं जीप पळवली. घरघर गेली होती. अण्णांचं बरोबर होतं, हे मी त्या तिघांसमोर बोललो.

सकाळी तीच माणसं घेऊन आम्ही नारायणगडाला निघालो. अण्णा चालवत होते, मी शेजारी. वरच्या चढावर शेळ्या आडव्या आल्या म्हणून त्यांनी गाडी थांबवली. शेळ्या गेल्या. अण्णांनी पहिला गिअर टाकला आणि डावा पाय एकदम सुटला. जीपनं उडी मारली. मागं एका म्हातारीचं कपाळ दांडीवर आपटलं. खडी उडाली. एक्सलमधून मात्र आवाज आला नाही. खरं सांगतो, माझ्या मनात आधी आलं ते हेच, काय एक्सल बसवलाय आपण! म्हातारी कपाळ चोळत होती, ते नंतर दिसलं.

अण्णांनी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं.

"जुन्यानं दात मोडून सांगितलंतं," ते पुढं बघत म्हणाले. "ह्यो काई बोलायचा न्हाई. तुला तवाच कळलंतं न्हवं?"

"व्हय."

"मग बोलला कावून न्हाईस?"



"भ्यालो, अण्णा."

"मला?"

"न्हाई. तुमी घरी बसून ऱ्हाताल ह्याला."

"आन् मागं हे समदे बसलेत, त्यांच्यासाठी भ्यायचं कुणी?"

मी दार उघडून खाली उतरलो, वळसा घालून त्यांच्या बाजूला आलो.

"अण्णा, सरका."

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना हुकूम केला. ते उतरले. बॉनेटवर हात टेकवत पुढून फिरून डाव्या बाजूला गेले आणि माझ्या जागेवर बसले. मागून ती कपाळवाली म्हातारी म्हणाली, "चला की आता, ऊन व्हायलंय."

मी गिअर टाकला आणि क्लच अगदी सावकाश सोडला. गड येईपर्यंत अण्णा रस्त्याकडं नाही, माझ्या डाव्या पायाकडं बघत होते.