सरकीची माय

जठारपेठेत आमच्या घराला लागून मनकर्णामावशीचा गोठा होता. चार म्हशी, वर पत्रे आणि फटकळ मालकीण. ती दुधात पाणी घालत नसे आणि बोलण्यातही नाही. माहेर हिवरखेडचं, शेतकऱ्याचं. म्हैस घ्यायला बाजारात गेली की आधी त्या म्हशीच्या आईची चौकशी करायची. दूध किती द्यायची, कशाने मेली? विकणारे वैतागायचे. "खाण तशी माती," म्हणायची आणि पुढच्या म्हशीकडे वळायची.

अशी ही बाई फसली, आणि तीही सख्ख्या भावाकडून.

सत्तावन्न सालची भाऊबीज. तिचे भाऊ भगवंतराव अमरावतीला कापसाची दलाली करत. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आलेल्या पामेरियन कुत्र्यांचा वंश त्यांच्याकडे होता आणि त्याचा त्यांना कोण तोरा! मावशीने ओवाळलं, तसं त्यांनी कोटाच्या आतून पांढरंशुभ्र पिल्लू काढून तिच्या ओंजळीत ठेवलं. आम्ही शेजारणी हरखून गेलो. मावशीला मात्र सवयीने राहवलं नाही.

"हिची माय कुठी हाय?"

"साप चावला तिले," भगवंतराव म्हणाले. "मांगच्या महिन्यात गेली."

मावशी हळहळली, पण पुढे काही विचारलं नाही. भावाची ओवाळणी कोणी पारखून घेत नाही.

पिल्लाचं नाव तिने सरकी ठेवलं. मुली सासरी गेलेल्या, घर रिकामं; सरकी तिच्या पायाशी झोपायची, धारा काढताना शेजारी बसायची. दोघींनाही पेढा फार प्रिय. मावशी अर्धा मोडून तिला द्यायची.

पाच-सहा वर्षांनी सरकी खंगायला लागली. खायची दुप्पट, तरी बरगड्या मोजून घ्याव्यात. म्हशींच्या हौदाला तोंड लावून पाणी प्यायची. अंगणात लघवी केली की तिथे मुंग्या लागत. मग डोळ्यांवर पांढरा पडदा आला. मावशीने तिला कडेवर घेऊन गुरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी नळीत लघवी आणि औषध घालून तापवलं, तर ते विटकरी झालं.

"साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "माणसांसारखी कुत्र्यांनाही होते. कधी कधी रक्तातूनच उतरते. हिच्या आईला होती का?"

"नाई जी," मावशी छातीठोकपणे म्हणाली. "तिले तं साप चावला होता."

"मग तुमच्याकडून गोडधोड फार झालं असेल."

मावशीचा चेहरा पडला. पुढे इन्शुलिनच्या सुया झाल्या. ती स्वतः सुई उकळून द्यायला शिकली. पण उशीर झाला होता. सरकीने तो हिवाळा काही काढला नाही. भगवंतराव भेटायला आले आणि ओट्यावर, आम्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "पेढे चारू चारू मारलं तुनं तिले!"

एरवी कुणाचं ऐकून न घेणारी मावशी मान खाली घालून बसली. काशीला जाऊन लोक आवडती वस्तू सोडतात, तसा तिने त्या दिवसापासून पेढा सोडला.

पासष्ट साली भाचीच्या लग्नाला ती अमरावतीला गेली, सोबत मीही होते. पंगतीत भावजय कौशल्या पेढे वाढत आली. मावशीने पानावर हात धरला.

"सरकीले म्या मारलं वैनी. मले नको."

"तुमी काहून माराल?" कौशल्या म्हणाली. "तिची मायबी तशीच गेली ना! आंधळी झाली, घटाघटा पानी पेये. डाक्टरनं तुमच्या भावाले सांगतलं होतं, पिलायतबी उतरू शकते, कोनाले देऊ नका. पन एवढे देखने पिल्लं, कोनाले न देता घरातच ठेवाचा यायचा जीव नाई झाला."

"अन् साप?"

"कोनता साप?"

मावशी अर्ध्या पानावरून उठली आणि थेट मांडवात भावासमोर उभी राहिली.

"दादा, तुले ठाऊक होतं?"

"लग्नात कुत्र्याचं काय घेऊन बसली? सांगतलं असतं तं नेलं असतं का तुनं?"

"नेलं असतं. अन् पह्यल्या दिवसापासून जपलं असतं. डाक्टरनं विचारलं तं तुहं खोटं म्या माह्या तोंडानं सांगतलं. अन् ओट्यावर मले दोष देल्ला, तवाबी तुले ठाऊक होतं!"

भगवंतराव वाजंत्रीवाल्यांना हाका मारायला लागले. मला त्या माणसाचा अजून संताप येतो. पिल्लांच्या मोहाने खोटं बोलला, ते एकवेळ समजू शकते; पण बहीण विनाकारण झुरत होती आणि हा खुशाल बघत होता.

त्या दिवाळीला भगवंतराव नेहमीसारखे आले. मावशीने पाट मांडला, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी पिशवीतून लुगडं काढलं, तशी तिने ताट मागे घेतलं.

"औक्षन केलं दादा, ते तुह्या आयुष्यासाठी. घेनार काई नाई. तुह्या हातची वस्तू आता मले पारखून घ्या लागन, अन् भावाची ओवाळणी पारखत नसतात."

लुगडं त्यांच्या हातातच राहिलं. मावशी ताट घेऊन आत गेली.