अक्कांच्या मुठीत काय होतं

राधाक्का गेल्याचं मला मीच काढलेल्या चित्रावरून कळलं. सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर ती आवळलेली मूठ, ते उघडं तोंड आलं आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे की, लाल रंग फिका उमटलाय. दुःख नंतर झालं. लिहायची लाज वाटते, पण महिना उलटलाय, आता खरं तरी लिहावं.

हेब्बाळला आमच्या इमारतीमागे काँक्रीट कालवायचा कारखाना आला, तेव्हा मला पुण्याहून येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तळमजल्यावरच्या राधाक्का साड्यांना फॉल लावून द्यायच्या. घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपासून इथलंच, कानडी मुलखातलं. दमा जुना, पण सिमेंटच्या धुळीनं त्यांना साड्या पोचवायला जिनाही चढवेना, म्हणून त्या कारखान्याविरुद्धच्या मोर्चाला आल्या. फाटकाशी ट्रक धूळ उडवत होते. अक्कांचा श्वास अडकला. दम्याचा पंप घेण्याआधी हलवावा लागतो. हात वर करून त्या तो हलवत होत्या, तोंड उघडं... मी नेमका तेव्हा फोटो काढला. घरी येऊन त्यावरून चित्र केलं आणि हातातला पंप खोडून टाकला. नुसती मूठ जास्त देखणी दिसत होती. कंपनीत दिवसभर ॲपमधल्या बटणांचे आकार ठरवणाऱ्या माणसाला एवढी अक्कल असतेच.

चित्र भिंतींवर लागलं, टी-शर्टांवर आलं, दुसऱ्या वस्त्यांनीही उचललं. काय संताप आहे बाईच्या चेहऱ्यावर, असं लोक म्हणत आणि मी मान डोलवत असे. मग एके दिवशी अक्कांनी मला बोलावून पोस्टर पुढ्यात ठेवलं.

“हातातलं काय केलंस रे?”

मी त्यांना समजावलं. आजारी बाई दिसली की लोकांना कीव येते, राग येत नाही, वगैरे. त्यांनी धापा टाकत सगळं ऐकून घेतलं.

“राग कुणाला आलता? मला श्वास पाहिजे होता... स्वल्प श्वास. पंप घाल परत.”

“सरी अक्का,” मी कानडीत हो म्हणालो, आणि घातला नाही. पोस्टरं छापून झाली होती. पुढच्या प्रत्येक मोर्चात लोक त्यांना चित्रासारखी मूठ वर करायला लावत. फोटो होईपर्यंत त्या हात वर धरून उभ्या राहत, धुळीतच. कारखाना अजून चालू आहे.

शोकसभेसाठी मोर्चे काढणाऱ्या समितीनं नवं चित्र मागितलं. या वेळी मी अक्कांच्या मुलीकडून त्यांचा पंप मागून आणला, समोर ठेवून हुबेहूब काढला. समितीला ते औषधाची जाहिरात वाटलं. मी वाद घातला नाही. दहा मिनिटांत पंप खोडून दिला.

सभेत सगळ्यांनी चित्राकडे बघून मुठी उंचावल्या, मीसुद्धा. अक्कांची मुलगी तेवढी बसून होती. जाताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाली, “अण्णा, पंप परत द्या आमचा.”

अजून दिलेला नाही. तो माझ्या टेबलावर आहे. आत अर्धं औषध शिल्लक आहे.