उपासाचा रिकामा रकाना

लेकीच्या लग्नात मला माझ्या स्वतःच्या लग्नातलं ब्लाउज घालायचं होतं. आईनं हातानं शिवलेलं, मोतिया रंगाचं. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या हातचं एवढंच माझ्यापाशी उरलंय. शिवणी उसवता येतील तेवढ्या उसवून झाल्या होत्या. आता कमी व्हायचं तर मलाच व्हायला हवं होतं.

आठ किलो उतरवले होते मी, चेष्टा नाही! शेवटचे दोन मात्र मेले हलेनात. बरं, मी काही आळशी बाई नाही. रोज सकाळी शनिवारवाड्याला चार फेऱ्या, आणि खाईन ते सगळं वहीत. पोळ्या किती, भात किती, कॅलरी किती, शेजारी चालण्याचा रकाना. "जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्यास, आता स्वतःची तपास," असं नवऱ्यानं सुनावलंही होतं.

लग्नाला महिना उरला तेव्हा लेकीनंच ती वही हातात घेतली.

"आई, सोमवार-गुरुवारचे रकाने रिकामे का?"

"अगं, उपास असतो ना!"

"मग परवा एवढी साबुदाण्याची खिचडी कोणी खाल्ली?"

"ती उपासाची होती."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "बटाट्याच्या पापड्याही उपासाच्या होत्या. चार वाजताचा दाण्याचा लाडूसुद्धा. फार कडक उपास हो!"

"अहो, तुम्ही गप्प बसा."

"आणि चालणं?" लेकीनं विचारलं.

"उपासाला कसलं चालणं? चक्कर आली म्हणजे?"

दोघं हसत सुटली. मला अस्सा राग आला! पण दुपारी एकटीच वही घेऊन बसले. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप, लाडू. बेरीज बघून घाम फुटला. आठवड्यातले दोन दिवस मी सगळ्यात जास्त खात होते आणि घराबाहेर पाऊल टाकत नव्हते. तीस वर्षं गणित शिकवलेली बाई मी! खरंच लाज वाटली.

उपास काही सोडले नाहीत. ताक, एखादं फळ, वाटीभर भगर, आणि उपासालाही चार फेऱ्या. पहिल्या सोमवारी चक्कर येण्याची वाट बघतच चालले. आली नाही.

लग्नाच्या सकाळी खोलीचं दार लावून ब्लाउज घातलं. वरचे हुक लागले. शेवटचा हुक श्वास रोखून लावला, मग भीत भीत श्वास सोडला. टिकला! आनंदानं हसले आणि हसता हसता रडायलाच लागले. कारण आई असती तर तिनं ब्लाउजकडे बघितलंसुद्धा नसतं. म्हणाली असती, "अगं बाई, किती वाळलीस! बस, खिचडी टाकते."

आणि मी मुकाट्यानं बसले असते.