पहिल्या मजल्यावरची पाहुणी

बाळांनो, पेणच्या ज्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं, तिथे परवा दिव्यांगांविषयी जागृतीच्या कार्यक्रमाला मी पाहुणी होते, व्हीलचेअरवर. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार विद्यार्थ्यांनी मला खुर्चीसकट उचललं. सुट्टीत गणपतीच्या कारखान्यांत काम करणारी ती मुलं. मूर्तीसारखं अलगद नेलं, जराही कलू दिलं नाही.

"हळू रे, विसर्जन नाय हाय!" खालून कुणीतरी ओरडलं. मीही हसले.

मला टेबलामागे ठेवून मुलं नाश्त्याला गेली. अर्ध्या तासात मला बाथरूमची निकड लागली, आणि बाथरूम तळमजल्यावर. शेजारी बसलेल्या प्राचार्यांना हळूच सांगितलं.

"बाई, एवढं भाषण होऊ द्या, लगेच उतरवतो."

मांडलेली मूर्ती मध्येच हलवत नाहीत, तशी मी बसून राहिले.

माझी बोलायची वेळ आली. लिहून आणलेले कागद बाजूला ठेवून मी माइकवर म्हणाले, "मला बाथरूमला जायचंय. कुणीतरी खाली न्या."

टाळ्या पडल्या. त्यांना ती भाषणाची सुरुवात वाटली.

तेच वाक्य मी तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा कुठे मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि त्या चौघांना शोधायला धावली.