पत्रिकेतली कोरी जागा

पाटीवरची अक्षरं वाईट म्हणून उपाशी राहणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि नेमका तो माझ्या बायकोचा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो. त्यांच्याबरोबर धुळ्याहून जळगावला जायचं तर घरून जेवून निघावं. लाल अक्षरं, पिवळी सावली, वर चांदण्या, अशी हॉटेलची पाटी दिसली की गाडी पुढे. "ज्याला अक्षरं मांडता येत नाहीत, तो ताट काय मांडणार?" पारोळ्यापर्यंत माझ्या पोटात कावळे ओरडत असतात. डोकं दुखत असलं तरी गोळ्यांचं पाकीट लांब धरून ते आधी त्यावरची अक्षरं न्याहाळतात.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण लेकीच्या लग्नाची पत्रिका भाऊंनी स्वतः मांडली. मधोमध वधूवरांची नावं, खाली स्थळ आणि वेळ, बाकी सगळं पांढरं. आमच्याकडे पत्रिकेत चुलते, मामा, आतोबा दाटीवाटीनं बसलेले असतात. भाऊंनी ते सगळे उडवले. "पत्रिका आहे, मतदारयादी नाही," म्हणाले. सोनगीरला त्यांचे थोरले चुलते असतात, आबा. त्यांनी पत्रिका उलटसुलट पाहिली आणि स्वतःचं नाव कुठेच नाही म्हणून परत केली. "इतली जागा कोरी शे, तठे मनं नाव मावत नही का?"

हळदीच्या दिवशी भाऊंच्या देवपुरातल्या घरासमोर मांडवात मुलगी पाटावर बसलेली, नवरदेवाकडची उष्टी हळद येऊन पडलेली, आणि सोनगीरहून एक माणूस नाही. भाऊबंद आल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाही. वहिनी भिंतीकडे तोंड करून बसल्या. भाऊ फोन लावत होते, आबा उचलत नव्हते. शेवटी मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, उठू का मी?"

भाऊ उठून फ्लेक्सच्या दुकानात गेले, मी मागोमाग. लाल अक्षरं, पिवळी सावली, चांदण्यासुद्धा त्यांनी स्वतः सांगितल्या. मुलीच्या नावाभोवती सगळे भाऊबंद, सर्वांत वर आबा, फोटोसकट. फ्लेक्स मांडवाच्या दाराशी बांधला, त्याचा फोटो आबांना पाठवला आणि आम्ही रस्त्याकडे बघत बसलो. उन्हं कलली तेव्हा जीप आली. आबांनी फ्लेक्सखाली उभं राहून स्वतःचं नाव निवांत वाचलं. "आते कशी पत्रिका वाटस," म्हणाले, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या त्यांच्या पत्नी, अक्का, हळदीच्या वाटीकडे वळल्या.

मुलगी पिंपळनेरला नांदते आहे. परवा देवपूरला गेलो, तर फ्लेक्स घराच्या फाटकावर, उन्हानं विटलेला. काढत का नाही, असं मी विचारलं. भाऊंनी त्याची सुटलेली दोरी घट्ट बांधली.

"राहू दे," म्हणाले. "तिच्या नावाजवळ माणसं दिसतात."