रापणीचा वाटा नाकारला

मंडळी, आज सकाळी कचेरीत जाताना किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला माणसं कमी दिसली. मी सरकारी कारकून, पण धोतर खोचून दोरीला हात लावला.

जाळं वर आलं. ओढणाऱ्या प्रत्येकाला बांगडा माशांचा वाटा मिळाला. मी म्हणालो, "मला नको. नुसती मदत केली."

म्हातारा रापणकर डोळे बारीक करून म्हणाला, "वाटो नको, तर दोरीक हात कित्याक लायलात? बातमी काढूक रत्नागिरीच्या सायबान धाडल्यान काय?"

असा संताप आला! शेवटी चार बांगडे घेतले, तेव्हा कुठे तो हसला.

मी मासे खात नाही. पण वाटा घेतला, हिशेब मिटला; रिकाम्या हाताने आलो असतो, तर आपला उपकार दिवसभर कचेरीत सांगत बसलो असतो. तुम्ही नसता बसलात?