फ्रेंच कारभारी दर वेळी सुटतो

फिल्म क्लब चालवला की सिनेमे कमी आणि किस्से जास्त जमतात. दर खेपेला वाटतं, याहून डोकं फिरवणारं आता काही घडणार नाही. आणि पुढच्या शोला घडतं.

आमचा क्लब बदलापूरच्या शिरगावातला, आमच्याच सोसायटीच्या हॉलमधला. एका जुन्या फ्रेंच कादंबरीवर निघालेले सगळे सिनेमे दाखवायचे, ही माझी कल्पना. कादंबरीचं नाव सांगत नाही. उच्चारावरून आमच्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही. त्यातला खलनायक म्हणजे जहागीरदाराचा कारभारी. साहेबांच्या बागेतली कारंजी उडावीत म्हणून हा गावचा झरा अडवतो आणि चावी कमरेला लावून हिंडतो. गाव तहानेनं ओस पडतं.

सिनेमा संपला की आम्ही त्याच्यावर खटला भरतो. एका रिकाम्या खुर्चीवर त्याची काळी टोपी ठेवायची, ती आरोपीची खुर्ची. मी सरकारी वकील. माझा कॉलेजातला मित्र मंदार बचावाचा वकील. निकाल प्रेक्षक हात वर करून देतात. मला फक्त एकदा 'दोषी' ऐकायचं होतं. आख्खं गाव तहानेनं मारणारा माणूसही लोकांना चालत असेल, तर मग बोलायचं तरी कशावर?

*

पहिला शो मूकपटाचा. आमच्या सोसायटीच्या गेटवर रंगीत दिव्यांचं कारंजं आहे, कमिटीचा अभिमान. त्याची मोटर हॉलच्या भिंतीला लागूनच. मी सेक्रेटरी काकांना म्हटलं, तासभर बंद ठेवा. ते म्हणाले, टायमरवर आहे, मधेच बंद होत नाही.

पडद्यावर गावकरी कोरड्या झऱ्याची माती चाटतायत आणि हॉलभर पाण्याचा धो धो आवाज! मागून कुणीतरी म्हणालं, "साउंड इफेक्ट मस्त दिलाय."

निकाल लागला, निर्दोष. सेक्रेटरी काका जाता जाता मला समजावून गेले, "आपल्याकडेही कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करतंच ना? शिव्या खाणारा माणूस असतो म्हणून सोसायटी चालते."

*

ती टोपी आणली लवीनानं. लवीना उल्हासनगरची, कपडेपट तिच्याकडे. अठराव्या शतकातली फ्रेंच टोपी हवी, असं मी तिला फोटोसकट सांगितलं होतं. तिनं लग्नाच्या बँडवाल्याची टोपी आणली आणि सोनेरी पट्टीवर बुटाचं काळं पॉलिश फासलं. हात लावला की हात काळे.

मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "अगं, व्हिलनची टोपी आहे. डाग लागायलाच पाहिजेत ना?"

*

अंबरनाथ पश्चिमेला ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात ब्लॅक अँड व्हाइटवाला दाखवला. त्यातला कारभारी इतका थंड की अंगावर काटा येतो. आता हा सुटत नाही, अशी माझी खात्री होती.

कारखान्यातून रिटायर झालेले एक काका उठले. त्यांनी विचारलं, झरा अडवायच्या हुकमावर सही कुणाची? मी म्हटलं, जहागीरदाराची. "मग या गरिबाला कशाला उभं केलंय? वरून ऑर्डर आली की आम्हीपण हेच करायचो."

टाळ्या पडल्या. मंदारला तर तोंडही उघडावं लागलं नाही.

*

उल्हासनगरात लवीनाच्या काकांच्या दुकानावरच्या खोलीत हिंदीत डब केलेली नवी सिरीज लावली. डबिंगवाल्यानं कारभाऱ्याला असा काही आवाज दिलाय की त्यानं विष पाजलं तरी माणूस आभार मानेल. मी तावातावानं भाषण केलं. गाव, लेकरं, तहान, सगळं.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मला जवळ बोलावलं. "बेटा, सब ठीक है. लेकिन आदमी टाइम का पक्का है, चाबी किसी को देता नहीं. ऐसा मॅनेजर मिले तो मैं आज रख लूँ."

त्या दिवशी मंदार म्हणाला, "वकीलबाई, आता एकच शो. तिथंही सुटला तर खटले बंद. लोकांना तो आवडतो, मान्य कर." मी कबूल केलं, कारण शेवटची जागा मी निवडून ठेवली होती.

*

आमच्या गेटसमोर हिराताई रानभाज्या विकायला बसतात. त्या बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरच्या. मूकपटाच्या वेळी त्या हॉलच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. "आमच्याकडं आना की हा शिनेमा," असं तेव्हाच म्हणाल्या होत्या.

धरण डोळ्यांसमोर आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन चढ चढणाऱ्या. इथं तो सुटणं शक्यच नव्हतं.

दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावून सिनेमा दाखवला. खोलीत खुर्ची एकच, गुरुजींची. तिच्यावर टोपी ठेवून मी उभी राहिले. हिराताई उठल्या, टोपी उचलून टेबलावर ठेवली. "पाव्हनी उभी अन् टोपी बसलेली, बरं दिसतं का?" मला दंडाला धरून त्या खुर्चीत बसवलं. नाही म्हणायची सोय नव्हती. मग सगळं भाषण मी बसूनच केलं.

विचारलं, "दोषी कोण कोण म्हणतं?"

सगळे हात वर गेले. एकूण एक! लवीना मोबाइलवर शूट करत होती. मी मंदारकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली होती.

शिक्षा काय द्यायची, याची आम्ही तयारीच केली नव्हती. तिथपर्यंत कधी पोचलोच नव्हतो. मी म्हटलं, तुम्हीच सांगा.

हिराताईंनी विचार केला. "झऱ्यापासून वरपत्तुर हंडा आनायचा. उन्हाळाभर." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, मी बसते त्याच्या समोरचं ते लाल-निळं कारंजं, ते तुमचंच ना?"

मी हो म्हटलं.

हात अजून वरच होते.

मंदार उठला. टेबलावरची टोपी उचलून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "बचाव पक्षाला काही म्हणायचं नाही."